उंबराचं फूल असतं तरी कुठे?

फार दिवसांनी कोणी दारात उभं राहिलं, की आपण म्हणतो, ‘आज उंबराचं फूल दिसलं!’ उंबराला फूल दिसत नाही, हे मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण ते असतं कुठे?

येरवड्यात मुळा-मुठेच्या काठाने डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूला चालत गेलं, की उत्तर सापडतं. नदीच्या ओलाव्यावर वाढणाऱ्या या झाडाच्या बुंध्यालाच घोस लगडतात. त्यातलं एक कच्चं उंबर मधोमध चिरून पाहा. आत दाटीने बसलेली शेकडो बारीक फुलं दिसतील. आपण फळ म्हणतो, ती खरं तर फुलांची बंद कुपी आहे.

या कुपीला टोकाशी एकच अरुंद वाट असते. त्या वाटेने शिरते सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स नावाच्या गांधीलमाशीची मादी, जेमतेम दोन मिलिमीटरची. शिरताना तिचे पंख तुटतात. सोबत आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी तिची पिल्लं मोठी होतात. नरांना पंख नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, कुपीची भिंत कुरतडून वाट पाडतात आणि मरतात. तोवर आतली नरफुलं उमललेली असतात. त्यांचे पराग घेऊन माद्या त्या वाटेने बाहेर उडतात. ‘उंबर फोडून केंबरं काढणं’ या वाक्प्रचारातली केंबरं ती हीच.

बाहेर पडलेल्या मादीचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात तिला दुसरं उंबर गाठायचं असतं, तेही नेमकी कोवळी फुलं तयार असलेलं. एका झाडावरची फळं बहुधा एकाच वेळी पिकतात, त्यामुळे आपल्याच झाडावर तिचं भागत नाही. झाड गंधाने तिला बोलावतं, वारा तिला वाहून नेतो. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्या जवळच्या नात्यातल्या झाडाच्या माश्या वाऱ्यावर दीडशे किलोमीटरहून दूर गेल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं.

वेगवेगळी उंबरं वेगवेगळ्या वेळी फळतात, म्हणूनच हा प्रवास वर्षभर सुरू राहतो. इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही तांबट, कोकीळ, धनेश आणि वटवाघळांना खाऊ मिळतो.

दत्ताचं झाड म्हणून आपण औदुंबराला पार बांधला, कुऱ्हाडीपासून जपलं. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा मान मिळाला. पण उंबर एकट्याने जगत नाही. नदीकाठचं एक उंबर तुटलं, तर कुठल्यातरी दुसऱ्या उंबरातून निघालेल्या मादीचा मुक्कामच नाहीसा होतो. परागाविना राहिलेली कोवळी उंबरं सहसा गळून पडतात. म्हणून येरवड्याच्या काठी लालबुंद उंबरांचा सडा दिसला, की समजावं: कुठेतरी आणखी एक उंबर उभं आहे आणि तिथून कोणीतरी इथवर पोहोचलं आहे.