कोल्हापूरचा ‘ब्रह्मचारी’

म्युझिकल कॉमेडी म्हटलं की मला हॉलीवूडचा ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) आठवायचा. कॉन्व्हेंटमधला आहे, काय करणार! पण दिवाळीच्या सुटीत नरखेडला घरी गेलो, तेव्हा आजोबांनी लॅपटॉपवर ‘ब्रह्मचारी’ लावायला सांगितला. १९३८ सालचा, म्हणजे चौदा वर्षं आधीचा, आणि चक्क मराठी.

औदुंबर नावाचा साधासुधा तरुण. ब्रह्मचर्यावरचं एक जोरदार भाषण ऐकून पेटून उठतो, जमवलेले नट्यांचे फोटो फेकून देतो, व्यायाम सुरू करतो आणि एका संस्थेत दाखल होतो. मग किशोरी भेटते. पुढचं सांगायला नको. आपल्या विंगेत दर सेमिस्टरला हेच होतं, फक्त भाषण गेटच्या क्लासवाल्या सरांचं असतं!

कथा आचार्य अत्र्यांची. पुण्यात मुख्याध्यापकी केलेल्या माणसाने हे लिहावं, याची मला फार गंमत वाटली. भाषणातलं जड मराठी माझ्या डोक्यावरून जायचं. आजोबा आधी हसायचे, मग समजावून सांगायचे, मग मी हसायचो. तेव्हा कळलं की अत्रे औदुंबरची टर फारशी उडवत नाहीत. खरी टर त्याला पेटवणाऱ्या भाषणाची आहे.

सिनेमा कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि कॅमेरामन पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये ही कंपनी काढली. दिग्दर्शक विनायक आणि औदुंबरही तेच. संगीत दादा चांदेकरांचं. मराठीबरोबर हिंदी आवृत्तीही निघाली. अशा वेळी आजच्यासारखं डबिंग करून भागत नसे. त्या काळच्या रीतीप्रमाणे तोच प्रसंग दोन्ही भाषांत वेगवेगळा शूट करायचे. विनोदाचं टायमिंग दोनदा साधायचं म्हणजे बघा!

किशोरी झाली मीनाक्षी शिरोडकर. पोहण्याच्या पोशाखातलं तिचं गाणं तेव्हा प्रचंड गाजलं, टीकाही झाली. मला मात्र विशेष वाटलं ते वेगळंच. ते गाणं तिने स्वतःच्या आवाजात गायलं आहे. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५ मध्ये आलं होतं, तरी बरेच नट-नट्या स्वतःच गात असत. उलट ‘सिंगिंग इन द रेन’ची सगळी गोष्टच उसन्या आवाजाची. त्यात डेबी रेनॉल्ड्स एका नटीला स्वतःचा आवाज देते, आणि प्रत्यक्षात डेबीच्याच काही गाण्यांना आवाज बेटी नॉयेसचा आहे!

विनायक १९४७ मध्ये अवघ्या एक्केचाळीसाव्या वर्षी गेले. अभिनेत्री नंदा ही त्यांची मुलगी.

सिनेमा संपला तसे आजोबा हळूच म्हणाले, “लाव न रे पुन्हा ते गाणं.”

स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, “मी आयकून राहिली बरं!”