साधनांचा ताळमेळ (लेखांक ९) : सवड दिवसांत मोजावी की भरतीत?

ज्या कामाला सवड आहे ते काम त्या सवडीच्या मर्यादेत पुढे सरकवले असता प्रकल्पाच्या अखेरच्या तारखेला धक्का बसत नाही, हे आठव्या लेखांकातील विधान जमिनीवरील कामांपुरते निर्विवाद असले, तरी खाडीतील कामांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही. दिवाळे गावातील एका वाचकाने नेमका याच ठिकाणी आक्षेप घेतला असून, लेखमालेतील तक्त्यात रविवारला स्वतंत्र रकाना आहे पण भांगाला, म्हणजे मंद भरतीच्या दिवसांना, कोठेच जागा नाही, तेव्हा बार्जचे काम त्यात बसवायचे कसे, असे विचारले आहे. प्रश्न इतका मूलगामी आहे की या आठवड्यासाठी जाहीर केलेली वर्गांच्या बेरजेची पद्धत पुढील लेखांकावर ढकलून हा संपूर्ण लेखांक त्याच्या उत्तराला देणे उचित ठरते.

नवी मुंबईच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला पनवेलची खाडी असल्यामुळे येथील मोठ्या बांधकामांत पाणी हे केवळ अडथळा म्हणून येत नाही, तर सिमेंट, क्रेन आणि कुशल कारागीर यांच्याप्रमाणेच मोजूनमापून वापरायचे साधन म्हणून येते. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला शिवडी–न्हावा शेवा अटल सेतू हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. एकूण २१.८ किलोमीटरपैकी सुमारे १६.५ किलोमीटर लांबी पाण्यावरून जाणाऱ्या या सेतूचे पोलादी गाळे, ज्यांतील सर्वांत लांब गाळा १८० मीटरचा आहे, जपान, व्हिएतनाम, म्यानमार आणि तैवान येथून आलेले भाग करंजा येथे जोडून तयार करण्यात आले आणि तेथून बार्जवर चढवून समुद्रमार्गे जागेवर नेण्यात आले. असा गाळा एकदा बार्जवर चढला की त्याचे वेळापत्रक कार्यालयातील संगणक एकटा ठरवत नाही. खाली किती पाणी आहे हेही ते ठरवते.

येथे साधनांच्या वर्गीकरणाकडे थोडे मागे वळून पाहावे लागते. सिमेंटची गोणी आज वापरली नाही तर उद्या वापरता येते, म्हणून ती साठते साधन होय. उलट मिस्त्रीचा आजचा दिवस रिकामा गेला तर तो उद्या दुप्पट होऊन मिळत नाही, म्हणून ते वाहते साधन होय. समतोलनाची, म्हणजे कामे सवडीत मागेपुढे सरकवून साधनांच्या मागणीतील चढउतार सपाट करण्याची, सारी खटपट मुख्यतः वाहत्या साधनांसाठीच असते. भरती हे वाहत्या साधनांपैकी सर्वांत कठोर साधन आहे, कारण मिस्त्री कमी पडले तर नाक्यावरून आणखी आणता येतात, टेकडी फोडताना डंपर कमी पडले तर आणखी लावता येतात, परंतु पाण्याची पातळी कोणत्याही दराने भाड्याने मिळत नाही.

ही कठोरता आकड्यांत पाहिली पाहिजे. मुंबई बंदराच्या अपोलो बंदर येथील पातळ्या, सागरी नकाशांतील शून्य पातळीपासून मोजल्या असता, उधाणाच्या सरासरी भरतीला ४.४२ मीटर आणि सरासरी ओहोटीला ०.७६ मीटर, तर भांगाच्या सरासरी भरतीला ३.३० मीटर आणि सरासरी ओहोटीला १.८६ मीटर अशा आहेत. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती आणि भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती, हे किनाऱ्यावरील वाचकांना सांगण्याची गरज नाही. मात्र उधाणाचा जोर प्रत्यक्ष अमावास्येला किंवा पौर्णिमेला नव्हे, तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो, ही गोष्ट आखणी करणाऱ्याने ध्यानात ठेवावी. आता समजा, ज्या खांबाजवळ बार्ज न्यायचा आहे तेथील चिखलाचा तळ शून्य पातळीच्या १ मीटर वर आहे, भरलेला बार्ज २.१ मीटर बुडतो आणि त्याच्या बुडाखाली निदान अर्धा मीटर पाणी मोकळे राहावे असा दंडक आहे. तर बार्ज तेथे उभा राहण्यासाठी पाणी ३.६ मीटरच्या वर असले पाहिजे. पाणी एकसारख्या लयीत चढते-उतरते असे धरले, तर उधाणाच्या एका भरतीत ही स्थिती सुमारे चार तास टिकते. भांगाच्या भरतीत मात्र पाणी ३.३० मीटरवरच थांबत असल्याने ती एक मिनिटही येत नाही. काम उरकण्यास किमान दोन तास हवेत असे मानले, तर पंधरवड्यातील सुमारे आठच दिवस उपयोगाचे ठरतात, आणि ते ढोबळमानाने त्रयोदशीपासून पुढील षष्ठीपर्यंत पसरलेले असतात.

आता वाचकाच्या आक्षेपाकडे वळता येते. एखादे काम पंचमीला व्हायचे आहे आणि आखणीच्या तक्त्यात त्याला तीन दिवसांची सवड दिसते, असे समजावे. क्रेन त्या दिवशी दुसऱ्या खांबावर गुंतलेली असल्याने समतोलन करणारा ते काम तीन दिवस पुढे, म्हणजे अष्टमीला टाकतो आणि अखेरची तारीख अबाधित राहिली असे समजतो. परंतु अष्टमीला भांग असतो. बार्ज जागेवर जाऊ शकत नाही, नवमी-दशमीलाही जाऊ शकत नाही आणि पहिली खरी संधी येते ती त्रयोदशीला. तीन दिवसांचे ढकलणे प्रत्यक्षात आठ दिवसांचे होते आणि तीन दिवसांची सवड ओलांडून वर पाच दिवसांचा उशीर कळीच्या साखळीवर, म्हणजे ज्या कामांना मुळीच सवड नसते त्या कामांच्या माळेवर, येऊन आदळतो. अशा कामाची सवड दिवसांत मोजणे हीच मूळ चूक आहे. ती भरतीत मोजली पाहिजे: पंचमीच्या कामाला उरलेली सवड म्हणजे त्याच उधाणातील षष्ठीपर्यंतच्या उपयोगी भरत्या, आणि त्या दोन-तीनपेक्षा अधिक नसतात.

संगणकीय आखणीत प्रत्येक कामाला किंवा साधनाला स्वतःची दिनदर्शिका जोडता येते, त्यामुळे ही अडचण वरवर पाहता सहज सुटण्यासारखी वाटते. तिथेच बहुतेकांची फसगत होते. एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत सरासरी १४ दिवस आणि सुमारे १८ तास लोटतात, त्यामुळे हे चक्र आठवड्यांच्या चौकटीत बसत नाही. ज्याने जानेवारीतील एका पंधरवड्याची उपयोगी आणि निरुपयोगी दिवसांची पट्टी तयार केली आणि ती दर दोन आठवड्यांनी पुन्हा उमटत राहील अशी सोय केली, त्याची दिनदर्शिका दर फेरीला पाऊण दिवसाने मागे पडत जाते आणि वीस आठवड्यांत पूर्ण उलटी होते, म्हणजे जेथे उधाण दाखवले आहे तेथे भांग असतो. उपाय कष्टाचा पण सरळ आहे: भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रसिद्ध करतो त्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांतून वर्षभराच्या पातळ्या आणि वेळा एकेक करून भराव्यात.

तास ठरवताना किनाऱ्यावरील जुनी रीत आजही उपयोगी पडते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या परिसरातील भरतीचा तास ढोबळमानाने मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. या साध्या गुणाकारातून आखणीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा निष्कर्ष निघतो, तो असा की येथे मोठे पाणी नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच येते, सकाळी आणि संध्याकाळी येते ते भांगाचे लहान पाणी. त्यात आणखी एक गाठ आहे. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यात दुपारची भरती वरचढ असते, तर हिवाळ्यात मध्यरात्रीची. मुंबई महापालिका दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून उंच भरत्यांची जी यादी जाहीर करते, तीत भर दुपारच्या वेळा का दिसतात याचे कारण हेच. परंतु पावसाळा हा समुद्रातील जड कामांचा हंगाम नव्हे. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर मानली जाते, आणि या काळात उघड्या पाण्यातील उचलाउचल शक्यतो टाळली जाते. म्हणजे काम करण्याजोग्या हिवाळ्यात सर्वांत मोठे पाणी मध्यरात्री येते आणि ते वापरण्यासाठी माणसे त्या वेळी जागेवर असावी लागतात.

येथे मर्यादित साधन एकाएकी बदलते. बार्ज आहे, पाणी आहे, पण टगवरचे खलाशी, क्रेनचालक आणि दोर बांधणारे कारागीर यांची एकच तुकडी असेल, तर दुपारची आणि सव्वाबारा तासांहून थोड्या अधिक अंतराने येणारी रात्रीची अशा दोन्ही भरत्या तिला देता येत नाहीत. तशा दिल्या तर चौथ्या-पाचव्या दिवशी थकवा अपघाताच्या रूपाने वसूल होतो. शिवाय भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येत असल्याने आठ ते पाच अशी ठरीव पाळी पहिल्या दिवशी जुळली तरी चौथ्या दिवशी जुळत नाही. प्रतिपदेला पावणेएकच्या मागेपुढे दोन तास धरले तर पाळीच्या मध्यावर, नेमक्या जेवणाच्या सुट्टीत, पाणी मिळते. पंचमीला तोच मध्य पावणेचारला सरकतो आणि कामाची अखेर पाळी सुटल्यानंतर येते. म्हणून पाळीची सुरुवात घड्याळाला बांधण्याऐवजी तिथीला बांधावी आणि रात्रीसाठी दुसरी तुकडी उपयोगी आठ दिवसांपुरतीच घ्यावी, ही तजवीज पूर्ण महिनाभर दोन तुकड्या अर्ध्या रिकाम्या ठेवण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची आहे. भांगाच्या दिवसांत पहिल्या तुकडीने दोर, कप्प्या आणि यंत्रे यांची देखभाल करावी. ती कामे पाण्याची वाट पाहत नाहीत.

तरीही एक मोठा प्रश्न उरतो. पाणी झटक्याझटक्याने मिळत असेल, तर किनाऱ्यावरचे कास्टिंग यार्ड, जेथे पुलाचे काँक्रीटचे सेगमेंट साच्यात ओतले जातात, त्यानेही झटक्याझटक्याने चालावे काय? याचे उत्तर नि:संशय नकारार्थी आहे. साचे महाग असतात आणि ते ओतणारी माणसे एकमेकांच्या हाताला सरावलेली असतात. त्यांना सात दिवस बसवून आठ दिवस दुप्पट राबवणे म्हणजे समतोलनाच्या नेमके विरुद्ध जाणे होय. समजा, यार्ड रोज चार सेगमेंट तयार करते, तर पंधरवड्यात साठ होतात आणि ते आठ उपयोगी दिवसांत बसवायचे म्हणजे रोज सरासरी साडेसात नेले पाहिजेत. भांगाच्या सात दिवसांत चाराप्रमाणे अठ्ठावीस सेगमेंट साठतात आणि उधाणाच्या आठ दिवसांत, रोज साडेतीनने घटत, तो साठा बरोबर संपतो. म्हणजे पक्के होण्यासाठी थांबलेल्या सेगमेंटांखेरीज आणखी अठ्ठावीसांना पुरेल इतकी जागा यार्डात असली, तर साचेवाल्यांना भरती-ओहोटीची जाणीवही होण्याचे कारण नाही. वाहते साधन साठवता येत नाही, पण त्याच्या आधीचे काम साठत्या रूपात बदलता येते, आणि समतोलनातील अतिशय प्रभावी युक्ती हीच आहे. आखणीच्या पुस्तकांत तिला जितकी जागा मिळते त्यापेक्षा ती पुष्कळ अधिक योग्यतेची आहे. अर्थात त्यामुळे जागा हे नवे मर्यादित साधन होऊन बसते, आणि खाडीकाठी सपाट, टणक आणि गाड्यांना पोहोचण्याजोगी जागा काही मुबलक नाही.

दुसरा मार्ग आहे तो भरतीची गरजच काढून टाकण्याचा. अटल सेतूच्या शिवडीकडील उथळ, चिखलाच्या पट्ट्यात, जेथे सुकतीला पाणी पार ओसरते आणि रोहित पक्षी चरतात, तेथे काही किलोमीटर लांबीचा तात्पुरता पोलादी पूल टाकून त्यावरून यंत्रे आणि सामान नेण्यात आले. केवळ खर्चाच्या रकान्यात पाहणाऱ्याला अखेर काढूनच टाकायचा असलेला पूल उधळपट्टीसारखा दिसेल. परंतु पंधरवड्यातील काही थोडे तास मिळणारे साधन त्यामुळे चोवीस तास मिळू लागते, आणि ज्या कामांची सवड भरतीत मोजावी लागत होती त्यांची सवड पुन्हा दिवसांत मोजता येऊ लागते. त्याची किंमत केवळ पोलादाच्या टनांत ठरवणे न्याय्य नाही. खोल पाण्यात मात्र असा पूल परवडत नाही, म्हणून एकाच प्रकल्पात काही कामे दिवसांच्या आणि काही कामे भरतीच्या दिनदर्शिकेवर चालणे अपरिहार्य ठरते, आणि जेथे ही दोन प्रकारची कामे एकाच क्रेनसाठी स्पर्धा करतात तेथे भरतीवरच्या कामाला आधी वाट द्यावी, जमिनीवरच्या कामाला तक्त्यात सवड कमी दिसत असली तरीही. मात्र जमिनीवरच्या कामाची थोडीफार उरलेली सवड त्यात पुरते ना, एवढे पाहून घ्यावे.

वर्गांच्या बेरजेची जी पद्धत पुढे ढकलली, ती बर्जेस आणि किलब्रू यांनी १९६२ साली मांडली, आणि तीत प्रत्येक दिवसाच्या मागणीचा वर्ग करून त्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी कामे सरकवली जातात. ही पद्धत सर्व दिवस एकाच योग्यतेचे मानते, त्यामुळे खाडीतील कामांना लावण्यापूर्वी तीत कोणता बदल करावा लागतो हेही त्याच ओघात पाहता येईल. त्यासाठी आठव्या लेखांकातील सोळा कामांचा तक्ता हाताशी ठेवावा, पंचांग उघडून त्यातील सप्तमी ते द्वादशीच्या रकान्यांवर पेन्सिलीने फुली मारावी आणि कोणकोणत्या कामांची सवड त्या फुल्यांच्या आत जाऊन पडते ते मोजून ठेवावे. पुढील लेखांकाची सुरुवात त्याच आकड्यापासून होईल.