जुन्या ट्रॅक्टरसाठी नांगराची निवड : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

नांगरट ही शेतीतील सर्वाधिक ओढशक्ती लागणारी मशागत होय. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळीचा नायनाट करण्यासाठी पूर्वी जड लाकडी नांगराला अनेक बैलजोड्या जुंपाव्या लागत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1903 मध्ये बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला आणि माती केवळ न फाडता ती उलटून टाकणारे अवजार मराठी शेतकऱ्याच्या हाती आले. पुढे बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली. परंतु ‘ओढणाऱ्याचे बळ आणि ओढल्या जाणाऱ्या अवजाराचा भार यांचा मेळ’ हा मूळ प्रश्न मात्र कायम राहिला.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील अनेक अल्प व मध्यम भूधारक शेतकरी नवा ट्रॅक्टर न घेता जुना ट्रॅक्टर विकत घेतात. एचएमटी 2511, महिंद्रा बी-275, मॅसी फर्ग्युसन 1035 यांसारखी 25 ते 35 अश्वशक्तीची यंत्रे वर्षानुवर्षे शेतात राबत आली आहेत. अशा ट्रॅक्टरला नांगर निवडताना शेजाऱ्याकडे काय आहे, हेच बहुधा पाहिले जाते. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर 50 अश्वशक्तीचा असतो आणि त्याचा दोन फाळी पलटी नांगर जुन्या ट्रॅक्टरला जोडला की पुढची चाके हलकी होतात, मागची चाके जागीच फिरतात आणि डिझेल जळत राहते. प्रस्तुत लेखकाच्या घरच्या 35 अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरबाबत हा अनुभव आला आणि एका हंगामातच क्लचचा मोठा खर्च सोसावा लागला. चुकीच्या निवडीची किंमत लहान शेतकऱ्याला परवडणारी नसते, म्हणून या विषयाचे शास्त्रीय विवेचन आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

1. जिल्ह्यातील जमिनीचा प्रकार व नांगराचा प्रकार यांचा संबंध स्पष्ट करणे.
2. जुन्या ट्रॅक्टरच्या ओढशक्तीचा हिशेब सोप्या रीतीने मांडणे.
3. नांगर खरेदीपूर्वी करावयाच्या तपासण्या सांगणे.

जमीन आणि नांगराचा प्रकार :

जिल्ह्यातून बालाघाटची डोंगररांग जाते. डोंगरउतारावरील जमीन हलकी, उथळ व मुरमाड आहे, तर तेरणा, मांजरा व सीना या नद्यांच्या खोऱ्यांत मध्यम ते भारी काळी जमीन आढळते. काळी माती ओली असता फुगते व चिकटते. वाळली असता आक्रसून तिला भेगा पडतात आणि ती दगडासारखी कठीण होते.

फाळाचा नांगर माती कापून पूर्णपणे उलटतो. काडीकचरा गाडणे, हरळी व लव्हाळ्याच्या मुळ्या-गाठी आणि हुमणीसारख्या किडींच्या अवस्था उन्हात उघड्या पाडणे यासाठी तो उपयुक्त आहे. चिकट काळ्या मातीत अखंड पंख्याऐवजी पट्ट्यांचा पंखा असलेला नांगर घेतल्यास माती कमी चिकटते. पलटी नांगराने जाताना व येताना माती एकाच बाजूला पडते, त्यामुळे शेताच्या मध्ये सरी किंवा वरंबा उरत नाही. परंतु त्यात फाळांचे दोन संच असल्यामुळे तो साध्या नांगरापेक्षा बराच जड असतो. तव्यांचा नांगर दगडगोटे व मुळ्या असलेल्या जमिनीत अडथळ्यावरून फिरत निघून जातो. कोरड्या, कठीण जमिनीतही तो चालतो, मात्र कचरा तितका चांगला गाडत नाही. उथळ मुरमाड जमिनीत तर खोल नांगरटच टाळावी. अन्यथा खालचा मुरूम वर येतो. तेथे मोगडा पुरेसा आहे.

ओढशक्तीचा हिशेब :

नांगराला लागणारी ओढ म्हणजे कापलेल्या तासाची रुंदी, खोली आणि मातीचा प्रतिकार यांचा गुणाकार होय. किलोग्रॅममधील ओढीला मीटर प्रतिसेकंद वेगाने गुणून 75 ने भागले असता अश्वशक्ती मिळते.

भारी काळ्या जमिनीचा प्रतिकार हिशेबापुरता दर चौरस सेंटिमीटरला 0.8 किलो धरू. बारा इंची दोन फाळांची रुंदी सुमारे 60 सें.मी. आणि खोली 25 सें.मी. असता ओढ 60 × 25 × 0.8 = 1200 किलो येते. ताशी 4 कि.मी. वेगाला (1.11 मीटर प्रतिसेकंद) त्यासाठी सुमारे 17.8 अश्वशक्ती लागते. 35 अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनाची शक्ती झिजेमुळे 28 पर्यंत उतरली आहे असे मानले, तर शेतात प्रत्यक्ष ओढण्यासाठी तिच्या साधारण निम्मी, म्हणजे 14 अश्वशक्तीच हाती राहते.

वेग ताशी 3 कि.मी. केल्यास गरज 13.3 अश्वशक्तीवर येते. म्हणून ‘खालच्या गिअरमध्ये निघेल’ असे वाटते. येथेच फसगत होते. वेग कमी केल्याने शक्तीची गरज घटते, ओढ मात्र 1200 किलोच राहते. दोन चाकांवर चालणारा सुमारे 1800 किलो वजनाचा ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक ओढ सातत्याने देऊ शकेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. म्हणजे मर्यादा सुमारे 900 किलोची. इंजिन तयार असले तरी चाके माती धरत नाहीत.

याच ट्रॅक्टरला 35 सें.मी. रुंदीचा एक फाळी नांगर 25 सें.मी. खोल चालवल्यास ओढ 700 किलो व गरज 10.4 अश्वशक्ती येते. दोन फाळी साधा नांगर 15 सें.मी. खोल चालवल्यास ओढ 720 किलो येते. दोन्ही गोष्टी आवाक्यातील आहेत. फरक वेळेचा आहे : वळणे व थांबे यांत चौथा हिस्सा वेळ जातो असे धरल्यास एक फाळी नांगराला एकरी सुमारे पावणेचार तास, तर दोन फाळीला सव्वादोन तास लागतात. खोली हवी की उरक, हे पिकावरून व तणावरून ठरवावे. उसाचा खोडवा मोडायचा किंवा हरळी काढायची तर एक फाळी नांगर. केवळ सोयाबीननंतरची जमीन हरभऱ्यासाठी तयार करायची तर उथळ मशागत पुरते.

खरेदीपूर्व तपासणी :

1. जोडणी : हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केलेल्या तीन बिंदूंच्या जोडणीचे प्रमाणित वर्ग आहेत. पहिल्या वर्गात खालच्या पिना सुमारे 22 मि.मी., तर दुसऱ्या वर्गात सुमारे 28 मि.मी. जाडीच्या असतात. लहान जुन्या ट्रॅक्टरना बहुधा पहिला वर्ग लागतो. पिना मोजूनच नांगर ठरवावा.

2. लिफ्ट : नांगर उचलून इंजिन बंद करावे. तो लवकर खाली येत असल्यास आधी लिफ्टची दुरुस्ती करावी. पलटण्यासाठी तेलाची स्वतंत्र वाट ट्रॅक्टरला नसल्यास हाताने पलटणारा नांगर घ्यावा.

3. पुढील भार : नांगर उचलल्यावर स्टिअरिंग हलके लागत असेल, तर पुढे वजने लावावीत. अवजार केवळ ठरलेल्या जोडणीलाच जोडावे. साखळी वरच्या बाजूला किंवा आसाला बांधून ओढल्यास ट्रॅक्टर मागे उलटून प्राणहानी होऊ शकते.

4. चाकांची घसरण : टायरवर खूण करून नांगर उचललेल्या स्थितीत दहा फेऱ्यांत कापलेले अंतर मोजावे. नंतर नांगरताना तेच मोजावे. 40 मीटरऐवजी 34 मीटर भरल्यास घसरण 15 टक्के होय. त्याहून अधिक घसरण असल्यास खोली कमी करावी किंवा मागच्या चाकांवर भार वाढवावा.

5. चाकांमधील अंतर : उजवे चाक तासातून चालते. हे अंतर नांगराच्या रुंदीशी न जुळल्यास नांगर एका बाजूला ओढतो.

नांगरटीची वेळ :

योग्य वेळ साधल्यास लहान ट्रॅक्टरचेही काम हलके होते. पीक निघाल्यावर जमिनीत थोडी ओल असतानाच नांगरट केली, तर ओढ कमी लागते. मूठभर माती दाबून पाहावी. हाताला न चिकटता गोळा सहज फुटला, तर वाफसा आहे असे समजावे. जमीन पूर्ण कडक होऊ दिल्यास ट्रॅक्टरवर अकारण ताण येतो. उताराच्या जमिनीत नांगरट उताराला आडवी करावी. तणाचा प्रादुर्भाव नसल्यास दरवर्षी खोल नांगरट करण्याची गरज नसते.

निष्कर्ष :

जुन्या ट्रॅक्टरची निवड नव्हे, तर त्याला न पेलणाऱ्या अवजाराची निवड तोट्यास कारणीभूत ठरते. भारी काळ्या जमिनीत 35 अश्वशक्तीपर्यंतच्या जुन्या ट्रॅक्टरला खोल नांगरटीसाठी एक फाळी, उथळ कामासाठी हलका दोन फाळी साधा नांगर आणि गोटाळ जमिनीत दोन तव्यांचा नांगर योग्य ठरतो. दोन फाळी पलटी नांगराची गरज काही वर्षांतून एकदा पडत असेल, तर तेवढे काम मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घेणे अधिक हिताचे आहे. तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्र व परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांच्या तज्ज्ञांचा सल्ला खरेदीपूर्वी घ्यावा. नांगराच्या फाळांची संख्या हे प्रतिष्ठेचे लक्षण न मानता ती हिशेबाची बाब मानली, तर शेतकऱ्याचे इंधन, यंत्र आणि जमीन या तिन्हींचे रक्षण होईल.