उजेडात घट्ट होणारी, शरीरात विरघळणारी जेल

हायड्रोजेल म्हणजे लांबलचक रेणूंचे जाळे आणि त्यात धरून ठेवलेले भरपूर पाणी. शरीरातल्या मऊ ऊतींची घडणही अशीच पाणथळ असल्याने पेशी या जेलमध्ये तग धरतात, वाढतात. डहाणू-तलासरीकडे दाताचे फिलिंग करून घेतलेल्या कुणालाही यातले अर्धे रसायन ठाऊक आहे: डॉक्टर निळा दिवा धरतात आणि मऊ लगदा काही सेकंदांत टणक होतो. जेलमध्येही प्रकाश शोषणारे द्रव्य मिसळलेले असते. उजेड पडताच त्यापासून मुक्त मूलके तयार होतात आणि रेणूंची टोके एकमेकांत गुंफली जातात. मात्र फिलिंग वर्षानुवर्षे टिकावे लागते. जेलने नवी ऊती उभी राहीपर्यंतच आधार द्यायचा आणि मग निघून जायचे.

खरी कसोटी लागते ती या निघून जाण्याच्या वेळेत. १९९३ साली अमरप्रीत साहनी, चंद्रशेखर पाठक आणि जेफ्री हबेल यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळीला लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक आम्लाचे छोटे तुकडे जोडले. पाण्याने हे जोड हळूहळू तुटतात. तुकडे बदलून जेलचे आयुष्य एका दिवसापासून चार महिन्यांपर्यंत ठरवता आले.

दुसरा मार्ग जिलेटिनचा. त्याच्यावर मेथॅक्रिलेट गट बसवले की ते उजेडाने घट्ट होते आणि पेशींची विकरे ते सावकाश पचवतात. जिलेटिन सहसा डुकराचे किंवा गुरांचे. पण माशांचेही चालते. पालघरच्या किनाऱ्याला घोळ मासा नवा नाही. त्याचे बोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, मुख्यतः कोलॅजनची, आणि कोलॅजन शिजवले की जिलेटिन मिळते. बोताला परदेशात मोठी मागणी आहे. २०२१ मध्ये मुरब्याच्या एका बोटीला एकाच फेरीत दीडशेहून जास्त घोळ लागली आणि तिचे सव्वा कोटीहून अधिक रुपये झाले. एवढ्या महाग मालाची जेल करायला कोण धजावेल? त्यापेक्षा मासळी साफ करताना फेकली जाणारी कातडी आणि खवले परवडतात. थंड पाण्यातल्या माशांचे जिलेटिन तर खोलीच्या तापमानालाही पातळ राहते, त्यामुळे दिवा लावेपर्यंत ते सहज ओतता येते.

अडचणी जाडीत आहेत. अतिनील किरण पेशींना इजा करतात, म्हणून निळ्या-हिरव्या प्रकाशाकडे कल आहे. पण तोही जाड थरात खोल पोचत नाही. शिवाय रक्तवाहिन्यांविना आतल्या पेशींची उपासमार होते. कूर्चेला मुळातच रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे गुडघ्यातल्या कूर्चेवर हे तंत्र लवकर पोचले: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेनिफर एलिसीफ यांच्या गटाने १५ रुग्णांच्या गुडघ्यातील खड्ड्यात आधी चिकटद्रव्य लावले, वर द्रव ओतला आणि तिथेच प्रकाश टाकून तो घट्ट केला.