मागचं चाक किती बसलं, ते टेपने मोजा

गोंदिया जिल्ह्यात तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा तलावाकडे एकट्याने जाताना सहज वळणारी मोटारसायकल, मागे धानाचं पोतं बांधलं की वळणावर जड का वाटते? बहुतेक जण वजनाला दोष देतात. वजन आहेच, पण माझ्या मते दुर्लक्षित उत्तर उंचीत आहे. मागची बाजू बसली की पुढचा फोर्क जास्त कलतो, हॅण्डल सावकाश वळतं आणि दिव्याचा झोत वर जातो. हे टेपने मोजता येतं: मागच्या चाकाच्या आसापासून सीटखालच्या ठरावीक खुणेपर्यंतचं उभं अंतर घ्यावं, आधी चाक अधांतरी असताना, मग चालक बसल्यावर. हा फरक रस्त्यावरच्या गाडीत चाकाच्या एकूण उभ्या हालचालीच्या 30 टक्क्यांच्या आसपास असावा. सील आणि बुशच्या घर्षणामुळे एकच माप फसवतं. म्हणून गाडी एकदा दाबून, एकदा उचलून हळू सोडावी आणि सरासरी धरावी.

अनुभवी चालकाला हे अंगानेच कळतं, असा आक्षेप येतो. जडपणा कळतो, कारण कळत नाही. टायरमध्ये हवा कमी असली तरी हॅण्डल जडच लागतं. शॉकॲब्सॉर्बरचं कडं फिरवलं की स्प्रिंग कडक होते, हा समजही चुकीचा. एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, गाडीची उंची तेवढी बदलते. म्हणून ओझं लादताना कडं वरच्या खाचेवर न्यावं आणि उतरवल्यावर परत खाली आणावं. नाहीतर रिकाम्या गाडीचं मागचं चाक खड्ड्यावरून उडतं.