जाहिरातीचं शिक्षण म्हणजे नेमकं काय?



मुलगी बारावी झाली आणि "मला जाहिरात आणि जनसंपर्क शिकायचंय" म्हणाली, की घरात दोनच प्रश्न उठतात. हिला टीव्हीवर झळकायचंय का? आणि यात पगार कोण देणार?

जाहिरातीत दिसणारी बाई वेगळी, जाहिरात तयार करणारी वेगळी. कॉलेजात शिकवतात ते दुसरं काम. माल कोण घेतं, का घेतं, किती पैसे मोजतं, हे लोकांना विचारून नोंदवायचं. मग मोजक्या शब्दांत मजकूर लिहायचा, चित्र बसवायचं, हातातले पैसे पेपर, रेडिओ, भिंत की मोबाइल यांत कसे वाटायचे ते ठरवायचं. हिशेब आलाच.

जनसंपर्क याहून निराळा. समजा आपल्या गटाची शेंगदाण्याची चटणी आहे. आठवडी बाजारात पैसे भरून फलक लावला, ही जाहिरात. पण एका पाकिटाला खवट वास आला आणि गिऱ्हाइकानं ते गावभर सांगितलं, तर? फोन कोणी उचलायचा, काय बोलायचं, त्या दिवशीचा सगळा माल दुकानांतून परत आणायचा का, पेपरवाला आला तर त्याला कोण भेटणार? हे जनसंपर्काचं काम. आपण गप्प बसलो, तर उरलेली गोष्ट लोक आपल्या मनानं पुरी करतात.

अशा कामाला बँका, रुग्णालयं, महापालिका, कारखाने पगारी माणसं ठेवतात. राज्य सरकारचं तर माहिती व जनसंपर्क महासंचालनालयच आहे. आपल्या जिल्ह्याचं माहिती कार्यालय त्याच्याच हाताखालचं. सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच असतो, हे मुलीला आधीच सांगा.

या शिक्षणात कायदाही असतो, आणि तो आपल्या गटांच्या फार कामाचा. जांभूळबियांच्या पावडरीवर "मधुमेह बरा होतो" असं छापलेलं आम्ही कितीदा पाहतो! १९५४ च्या कायद्यानं मधुमेह, कॅन्सर, लठ्ठपणा अशा आजारांवर इलाज म्हणून जाहिरात करायला बंदी आहे. "आमच्या सासूबाईंना गुण आला" म्हणून सुटका नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. नुसतं "जांभूळबी पावडर" लिहा, वजन आणि तारीख घाला. शिकलेली मुलगी गटात असेल तर ती चिकटपट्टी छापायच्या आधीच अडवेल.

शिकायचं कुठे? मुंबई विद्यापीठाच्या बऱ्याच कॉलेजांत बारावीनंतर, कुठल्याही शाखेच्या मुलीला, बी.ए.एम.एम.सी. ही पदवी घेता येते. पदवीनंतर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. तिथं पत्रकारितेवर भर असतो. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत, जी १९६५ साली सुरू झाली, खास जाहिरात आणि जनसंपर्काचा अभ्यासक्रम आहे. खासगी संस्थांची फी कित्येक पट असते. फी भरण्याआधी गेल्या वर्षीच्या मुली कुठे कामाला लागल्या ते विचारा, आणि त्यांच्यातल्या दोघींशी स्वतः बोला.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून मुलीला मागे ओढू नका. इंग्रजी शिकता येतं. हिंदीवरून उलथवलेल्या मराठी जाहिराती ऐकताना आपल्याला कसं अवघडल्यासारखं होतं, आठवा. बाजारात बाया कशा बोलतात हे जिला ठाऊक आहे, ती हे काम बरं करेल.