खोली मुदतीआधी सोडायची वेळ आली तर



आपल्या दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवणकडच्या कितीतरी मुली आज शिक्षणासाठी किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामासाठी नाशिकला खोली करून राहतात. डिपॉझिटसाठी अनेक आयांनी गटातून कर्ज उचललेले असते. मग दोन-चार महिन्यांत फोन येतो, "आई, शेजारी रात्रभर धिंगाणा असतो, दारू पिऊन आमचं दार वाजवतात." खोली सोडली तर डिपॉझिट बुडेल, आणि राहिली तर मुलीला झोप नाही. अशा वेळी काय करायचे, ते आज पाहू.

एक गोष्ट आधी समजून घ्या. शेजारी वाईट निघाले म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही. तो करार आपला आणि घरमालकाचा असतो. त्यामुळे पैसे किती परत मिळतील, हे बहुतेक करारात काय लिहिले आहे त्यावर ठरते.

करारात दोन अटी शोधा. पहिली नोटिशीची, म्हणजे खोली सोडण्याआधी किती दिवस कळवायचे. दुसरी 'लॉक-इन'ची, म्हणजे अमुक महिने खोली सोडायची नाही. समजा, करार ११ महिन्यांचा, भाडे ६,००० रुपये, डिपॉझिट २०,००० रुपये, लॉक-इन ६ महिने आणि नोटीस १ महिन्याची आहे. मुलीने सातव्या महिन्यात नोटीस दिली, तर त्या एका महिन्याचे भाडे देऊन ती मोकळी. पण चौथ्या महिन्याच्या शेवटी सोडली, तर उरलेल्या २ महिन्यांचे १२,००० रुपये मालक मागू शकतो. मात्र करारात मोठा दंड लिहिला म्हणून तो सगळा मिळतोच असे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ सांगते की भरपाई वाजवी असावी आणि लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नसावी. म्हणून बोलणी करायला जागा असते. लगेच दुसरा भाडेकरू आणून दिला, तर बरेच मालक ऐकतात.

आता त्रास देणाराही त्याच मालकाचा भाडेकरू असेल, तर आपली बाजू जड होते. शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूला काढण्यासाठी मालक न्यायालयात जाऊ शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ मध्ये तशी तरतूद आहे. "माझ्या हातात काही नाही," असे मालक म्हणाला, तर हे त्याला सांगा.

त्याच कायद्याचे कलम ५५ म्हणते की भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. तेव्हा 'करारच नाही, आता काय करणार' म्हणून गप्प बसू नका.

गटात आपण काय शिकलो? इतिवृत्तात लिहिले तेच खरे. इथेही तसेच करायचे:

१. त्रास झाला की वहीत तारीख, वेळ आणि काय घडले ते लिहा. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

२. मालकाला आणि इमारतीच्या सेक्रेटरीला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले तरी चालेल, पण तो मेसेज पुसू नका.

३. रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्रीची वेळ आहे. राहत्या वस्तीत तेव्हा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल असते. मोठ्या आवाजाची तक्रार पोलिसांकडे करता येते. तक्रारीची प्रत मागून घ्या.

४. खोली सोडण्याची नोटीस लेखीच द्या. तिच्यात कारण आणि आधीच्या तक्रारींच्या तारखा लिहा.

५. किल्ली देताना खोलीचे फोटो काढा, वीजबिल भरा आणि डिपॉझिट कधी, किती परत मिळणार हे मालकाकडून लिहून घ्या. 'शेवटचं भाडं डिपॉझिटमधून कापून घेऊ' असे ठरले, तर तेही लिहून घ्या.

दारावर थापा, पाठलाग, घाणेरडे बोलणे असा प्रकार असेल, तर कागदांची वाट पाहू नका. ११२ ला फोन करा आणि मुलीला आधी सुरक्षित जागी न्या. पैशांचा हिशेब नंतर करता येतो. मालकाला मात्र त्याच दिवशी लेखी कळवा.

मालक डिपॉझिट अडवून बसला, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती घेता येते.

नवी खोली घेताना एक ओळ करारात घालायला सांगा: 'शेजाऱ्यांच्या त्रासाची लेखी तक्रार करूनही १५ दिवसांत तो थांबला नाही, तर लॉक-इन लागू राहणार नाही.' मालक लगेच हो म्हणेलच असे नाही, पण सहीच्या आधी विचारणे सोपे असते. ज्यांच्या मुली शहरात आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीला भाडेकरार घेऊन या. सगळ्या मिळून त्या दोन अटी वाचू.